औषधाचा महिना

पहिल्या वर्षी मी हौदभर मासे मारले, तेही मोजून-मापून. घाईत हात चुकला, बाटली कलंडली, असं काही झालं नव्हतं. डोकं शाबूत ठेवून, बाटलीवरचा कागद दोनदा वाचून, ढक्कन उजेडाला धरून मी ते काम केलं. म्हणूनच ते मला अजून पचलेलं नाही.

आमचं शेत आसेगावापासून पायी अर्ध्या तासावर. सासऱ्यांनी संत्र्याच्या झाडांसाठी शेततळं खोदून घेतलं होतं. तळाला काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, चारी बाजूंनी मातीचा बांध, पावसाळ्यात काठोकाठ पाणी. झाडं अजून लहान होती, त्यांना ते सगळं पाणी लागत नव्हतं, आणि एवढं पाणी नुसतं पडून आहे हे मला बघवत नव्हतं. रिकामं पातेलं दिसलं की त्यात काहीतरी भिजत घालणारी मी बाई. वाशीमला बायकांसाठी मत्स्यपालनाचं दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथे एस.टी.ने जाऊन आले आणि संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, तळ्यात मासोळ्या सोडू."

"आपल्याले मासोळ्यातलं काय समजते?"

"नाई समजत. समजून घेईन."

ते हसले. नाही म्हणाले नाहीत, आणि आमच्या घरात नाही न म्हणणं म्हणजेच हो म्हणणं.

हवा भरलेल्या पिशव्यांतून पिल्लं आली, रोहू आणि कटला. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. नेमकी त्याच आठवड्यात तळ्याची पन्नी एका कोपऱ्यात फाटली होती. तिला ठिगळ लागेपर्यंत चार दिवस पिल्लं पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळच्या सिमेंटच्या हौदात ठेवायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी पाहते तर पिल्लं हौदाच्या भिंतीला अंग घासतायत, मधूनच पाण्याबाहेर उड्या मारतायत. एक ओंजळीत धरून पाहिलं. अंगावर मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी चपटं, पाण्याच्याच रंगाचं, आणि ते चालत होतं. माशांना उवा होतात हे शिबिरात ऐकलं होतं, पण तेव्हा मागच्या रांगेत बायकांचा चहा आला होता, त्यामुळे उपाय ऐकायचा राहिला.

नवरा कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्याला फोन लावला.

"मासोळ्याइले उवा झाल्या."

मागे यंत्रांची घरघर. "मंग औषध मार ना. कोठ्यात हाय, निळी बाटली."

इथे आमच्या भाषेबद्दल सांगायला हवं. तापाच्या गोळीला आम्ही औषध म्हणतो आणि कपाशीवर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतो. दोन्हीला शब्द एकच. गोंधळ होत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही कपाशीच्या तासात उभे असतात किंवा दोघेही खाटेजवळ बसलेले असतात. हौदाच्या काठावर उभं राहून हा शब्द बोलायची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती.

आणि मोजायचं मापही आमचं ठरलेलं. पाठीवरच्या फवारणीच्या पंपाला एक ढक्कन. गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, पंपाला ढक्कन हेच सांगेल. मी हौदाची लांबी-रुंदी मोजून हिशेब केला, त्यात शंभर पंप पाणी मावत होतं. कपाशीच्या हिशेबाने शंभर ढक्कनं लागली असती. पण मासे नाजूक, म्हणून मी सगळ्या हौदात मिळून एकच ढक्कन टाकलं. शंभर पट कमी केलं म्हणून माझं मलाच कौतुक वाटलं. बारावी सायन्स झालेली मी, उगाच नाही.

अर्ध्या तासात पिल्लं वेड्यासारखी गोल फिरायला लागली. तासाभरात हौदाच्या पाण्यावर सगळी पांढरी पोटं. उवा मेल्या होत्या, हे मात्र खरं.

सासरे आले, हौदाकडे पाहिलं. फावडं आणून बांधापलीकडे खड्डा खणला. "कुत्र्यानं खाल्ल्या तं तेबी मरन," एवढंच म्हणाले. मी टोपल्याने पिल्लं आणून टाकत गेले, ते माती लोटत गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री जेवण झाल्यावर मी म्हणाले, मी परत आणणार. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग अट घातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. श्रावणभर घरोघरी मटण-मासळी बंद राहते आणि करीच्या दिवशी गावातल्या प्रत्येक चुलीवर रस्सा चढतो. सासरे म्हणाले, "पुढच्या पोळ्याच्या करीले गावानं तुयी मासोळी खाल्ली पायजे. नाई जमलं तं मी पाइप टाकून तळं उपसतो, पानी संत्र्याले जाईन. मंग मासोळ्याइचं नाव नाई काढाचं." त्यात त्यांचं चुकत नव्हतं. मासे असले की तळं तळापर्यंत उपसता येत नाही, आणि झाडं वाढायला लागली होती. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिबिरात शिकवायला आलेल्या मॅडमना फोन केला. त्या माशांच्या डॉक्टर. सगळं खरं सांगितलं, ढक्कनासकट. त्या चिडल्या नाहीत, पण आवाज कोरडा झाला. म्हणाल्या, "कपाशीवरची कीड ज्यानं मरते, त्याच्या थेंबानं मासा मरतो. तुम्ही आधी पाणी मोजायला शिका. मग मासे मोजायला शिका. त्यानंतर मला फोन करा, तोवर पाण्यात मिठाचा खडासुद्धा टाकू नका."

मग मी मोजायला शिकले. दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि तळ्याची खोली दहा ठिकाणी मोजली. आकडे मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले. मग नवी बोटुकली आणली आणि या वेळी थेट तळ्यात सोडली. महिन्यातून एकदा जाळं टाकून वीस मासे काढायचे, ओल्या कापडात तोलायचे आणि सोडून द्यायचे. त्यावरून तळ्यात अंदाजे किती वजनाचे मासे आहेत ते कळतं. जुन्या दाराच्या फळ्या पाण्यात उभ्या लावल्या. उवा अंडी घालायला टणक जागा शोधतात, ती या फळ्यांवर घालतात. दर चार दिवसांनी फळ्या बाहेर काढून उन्हात कडकडीत वाळवायच्या की अंड्यांचा खेळ खलास. यात औषधाचा थेंब नाही. उन्हाळ्यात उवा आल्या खऱ्या, पण फळ्यांनी त्यांना आटोक्यात ठेवलं. सासरे बांधावरून जाताना विचारायचे, "दारं धुऊन राह्यली का वं रोज?" मी म्हणायचे, "हो मामाजी, पाव्हणे येतात ना."

उन्हाळा सरला तेव्हा रोहू हातभर झाली होती. सकाळी सरकीची ढेप आणि कोंड्याचे गोळे टाकले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. गावात बोलबाला झाला. करीसाठी बायका आधीच सांगून ठेवायला लागल्या, मले दोन, मले मोठी, मले डोकंबी पायजे. सासरे हे सगळं ऐकत होते आणि न ऐकल्यासारखं दाखवत होते. मला त्यांच्या मिशीखालचं हसू दिसत होतं.

आषाढाच्या शेवटी सलग आठवडाभर झड लागली. ऊन नाही, वारा नाही. शेजारच्या शेतातलं गढूळ पाणी बांध ओलांडून तळ्यात शिरलं. पाऊस उघडला त्या सकाळी चार मासे कडेला येऊन पडले होते, सुस्त, हाताला लागले तरी न पळणारे. उचलून पाहिलं तर अंगावर लाल चट्टे, एकाच्या पोटाशी खवले गळून उघडी जखम. उवांनी जिथे जिथे चावे घेतले होते तिथेच रोग शिरला होता. करीला सव्वा महिना राहिला होता.

पहिल्यांदा मंगरूळपीरला गुरांच्या औषधांच्या एका दुकानात गेले, कारण ते जवळ. दुकानदाराने चट्टे ऐकताच पावडरीचा डबा काढला. "हे म्हशीले चालते, मासोळीले काहून नाई चालनार? दोन मुठा टाका तळ्यात."

"किती पान्याले दोन मुठा?"

"तळ्याले."

"तळं केवढं हाय ते तं तुमी इचारलंच नाई."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाव पाडून मागतेय. आदल्या वर्षीची मी असते तर डबा घेऊन आले असते, आणि मूठही लहान भरली असती, आणि त्या लहान मुठीवर खूषही झाले असते. मी डबा परत सरकवला.

दोन आजारी मासे पाण्याच्या बादलीत घालून, वर ओलं पोतं बांधून मी वाशीमची गाडी धरली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बादलीत काय हाय?" मी म्हणाले, "पेशंट हाय." त्याने वाकून पाहिलं आणि मला पुढची सीट दिली.

मॅडमनी मासे तपासले, कल्ले उचलून पाहिले, जखमेतलं काचेच्या पट्टीवर घेतलं, दोन दिवसांनी या म्हणाल्या. औषधाआधी करायच्या गोष्टी त्यांनी आधी सांगितल्या. वरचं पाणी थोडं थोडं काढून विहिरीचं भरा, चुना किती आणि कसा ते लिहून दिलं, खाणं निम्मं करा, मेलेला मासा दिसला की त्याच तासाला काढून पुरा. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी लिहिली. औषध पाण्यात टाकायचं नव्हतं. ते चमचाभर तेलात कालवून खाण्यात मळायचं होतं, रोज किती ते तळ्यातल्या माशांच्या वजनावर. वजन विचारलं तेव्हा मी भिंतीवरचा आकडा तोंडपाठ सांगितला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेवढं बघणं मला पुरलं.

"दहा दिवस द्यायचं," त्या म्हणाल्या. "मधेच बरे दिसले तरी थांबायचं नाही, अर्धवट सोडलं तर रोग औषधाला सोकावतो. आणि शेवटच्या दिवसापासून पुढे एक महिना तळ्यातला मासा कुणाच्या ताटात जाता कामा नये. औषध माशाच्या अंगातून उतरायला तेवढा वेळ लागतो."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजत गेले. महिना करीनंतर पाच दिवसांनी सरत होता.

पुन्हा मोजलं. पाचच दिवस.

पाचव्या दिवशी चट्टे सुकायला लागले. मासे पुन्हा खाण्यावर तुटून पडू लागले. सासरे रोज तळ्यावर येत होते, त्यांनाही दिसत होतं. ते म्हणाले, "बऱ्या झाल्या ना? मंग आता बंद कर. आज बंद केलं तं महिना करीच्या दिवशीच भरते." म्हणजे त्यांनीही मोजलं होतं. तो हिशेब मी आदल्या रात्रीच केला होता आणि झोपले नव्हते. सहाव्या दिवशी सकाळी मी औषध मळलं, गोळे केले, बांधावर बसून एकेक टाकला. दहाव्या दिवसापर्यंत एकही दिवस चुकवला नाही.

आता गावाला सांगायचं होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मासा दिसायला ठणठणीत, चवीला तसाच. पण ज्यांनी ज्यांनी सांगून ठेवलं होतं त्यांच्या दारात मी स्वतः गेले. म्हणाले, "यंदा करीले मासोळी भेटनार नाई. रोग आल्ता, औषध द्यावं लागलं. पाच दिवसानं घ्या."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: तिनं तळ्यात औषध टाकलं.

कुणी काय ऐकलं ते लगेच लक्षात आलं नाही. मग वरच्या आळीतली एक म्हातारी काठी टेकत आली, माझा हात धरून हळूच विचारते, "काहून वं माय, घरात भांडन झालं का? सासऱ्यावरचा राग तळ्यावर काहून काढला?" तिला वाटलं मी रागाच्या भरात फवारणीची बाटली तळ्यात ओतली. मी तिला समजावलं, तसलं औषध नाही, आपण दवाखान्यातून आणतो तसलं, गोळ्या. ती म्हणाली, "मासोळी गोळ्या खाते?" आणि बोळक्या तोंडाने हसत सुटली. घरी जाऊन तिने काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी पोरं माझ्यामागे "गोळीवाली, गोळीवाली" करत पळाली. माहेरी आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, दवाई म्हन ना, औषध काहून म्हनतं?" मी दवाईही म्हणून पाहिलं. त्याने काही फरक पडला नाही. जो शब्द आधी कानात शिरला तोच बसला.

खरं बोलल्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता. खोटं बोलले असते तर डोक्यावर घेतलं असतं यांनी, असं वाटून मी एकटीच मोटारीच्या खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि फळ्या उन्हात टाकल्या.

पोळ्याच्या सकाळी मात्र खरा घाव बसला. आमच्या बाजूला ज्यांच्या शेतात पाणी नाही ते दरवर्षी बैल धुवायला आमच्या तळ्यावर येतात. मोटार चालू करून पाइप सासऱ्यांच्या हातात असतो, ते एकेका जोडीला नाव घेऊन आंघोळ घालतात, हा त्यांचा वर्षाचा मान. त्या दिवशी ते धोतर खोचून, पाइप धरून उभे होते. कुणी आलं नाही. दूरवरच्या वाटेने जोड्या नाल्याकडे वळताना दिसत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी आमची एक जोडी धुतली आणि मोटार बंद केली.

घरी आल्यावर ते फुटले. "सांगाची काय गरज होती तुले? मासोळी बरी झाली होती. कोनाले दिसलं असतं?"

"मले दिसलं असतं."

"पाच दिवसानं कोन मरते?"

"कोनी नाई मरत, मामाजी. पन किती चालते आन किती नाई, हे आपल्या मनानं मी नाई ठरवनार. मांगं एकदा ठरवलं होतं. एकच ढक्कन टाकलं होतं मी."

पण संध्याकाळी ट्रॅक्टरमधून पाइप आले आणि तळ्याच्या बांधावर उतरले. अट ती अट. कर चुकली होती.

करीच्या दिवशी गावभर रश्श्याचा वास. आमच्याकडे कोंबडी आणली होती. नणंद सातव्या महिन्याची. तिला कोंबडीचा वासही सोसेना, तिला मासोळीच हवी होती. माझ्या मागे स्वयंपाकघरात आली, पदर धरला. "वहिनी, एकच दे. लहानशी. कोनाले सांगत नाई." या पोरीच्या लग्नात मी रडरड रडले होते, नवऱ्यापेक्षा मला तीच जवळची.

"नाई," मी म्हणाले.

"माया पोटातलं मांगते."

"म्हनूनच नाई."

ओसरीवरून सासऱ्यांनी ऐकलं. "दोन जिवाच्या लेकीले माया घरात नाई म्हनतं?" ते ताटावरून उठून गेले. नणंद रडली, मी भाकरी थापत राहिले. त्या दिवशी त्या घरात माझ्या बाजूने कुणी नव्हतं, आणि नवऱ्याने फोनवर एवढंच म्हटलं की तुला जे बरोबर वाटतं ते कर. कारंज्याला बसून हे सांगणं त्याला सोपं होतं, एकटीने उभं मला राहायचं होतं.

पाच दिवस गेले. तोवर गणपती बसले होते, पाठोपाठ महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या आणि उठल्या; त्या उठेपर्यंत घरात मासळीचं नाव निघणार नव्हतंच. मॅडमना फोन करून तारीख पुन्हा एकदा पक्की केली. त्या म्हणाल्या, आता निर्धास्त खा. महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाळं टाकून एक रोहू काढली, कांदा-खोबरं भाजून रस्सा केला आणि भाकर घेऊन एकटीच जेवायला बसले. आधी मी खाणार, हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

दुसरा घास घेतला तेवढ्यात नणंद आली आणि समोर बसकण मारली. "वाढ."

"आज राहू दे. माया पोटाले काय होते ते पाह्य, मंग उद्या खा."

"तू तवा नाई म्हनली ना? मग आता तू खाऊन राह्यली, म्हंजे मले काही पाहाचं नाई."

तिने आपल्या हाताने ताट वाढून घेतलं आणि उचलून बाहेर ओट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, पोट सांभाळत मांडी घालून बसली आणि बोटं चाटत जेवली. दोन बायका पाण्याला चालल्या होत्या, थांबल्या. "मासोळी हाय?" "हो, आमच्याच तळ्यातली," ती म्हणाली, आणि काटा काढून त्यांना दाखवला. मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच.

सासरे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. लेकीच्या ताटाकडे पाहत राहिले. तिचं अर्धं ताट संपलं तेव्हा आत येऊन पाटावर बसले. मी वाढलं. त्यांनी सावकाश, एकेक काटा बाजूला ठेवत सगळं खाल्लं. "मीठ कमी हाय," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजनकाटा आणि जाळं घेऊन तळ्यावर गेले. गावात निरोप पाठवला होता, ज्याला हवी त्याने घ्यावी. बांधावर पाइप तसेच पडले होते आणि त्यांच्यावर सासरे बसले होते. मला वाटलं, आज मासे काढून संपवायचे आणि उद्या पाइप जोडायचे, म्हणून आलेत. मी पाण्यात उतरून जाळं ओढलं, मोठ्या रोहू टोपल्यात आल्या, उसळत होत्या.

बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग एक जण सायकलवरून पिशवी घेऊन आला, पलीकडच्या वस्तीतला, वयाने माझ्या नवऱ्याएवढा. टोपल्यात डोकावला, बोटाने मासा दाबून पाहिला. मग मला न विचारता सासऱ्यांना विचारलं, "काकाजी, औषध तं नाई ना मारलं याइले?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. एक शब्द, आणि टोपलं रिकामं. मी सासऱ्यांकडे पाहिलं आणि माझं उत्तर तोंडात तयार ठेवलं.

"मारलं नाई, देल्लं होतं," सासरे म्हणाले. "बिमार होत्या. डॉक्टरनं सांगतलं तेवढं देल्लं, आन मंग महिनाभर आमी थांबलो. करीलेबी नाई खाल्ली. काल माया लेकीनं खाल्ली, सातवा महिना हाय तिले. घ्याची तं घे."

तो माणूस जरा घुटमळला. पुन्हा टोपल्याकडे पाहिलं, मग पिशवीची घडी घालून खिशात ठेवली. "पाह्यतो," म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला.

मी कंबरेएवढ्या पाण्यात उभी. टोपल्यातले मासे अजून उसळत होते.

सासरे पाइपांवरून उठले नाहीत. वाटेकडे पाहत म्हणाले, "गेला तं गेला. दुसरा येईन. त्यालेबी हेच सांगू. तू जाळं टाक."